दगड क्रमांक ३

१० नोव्हेंबर २०२४

माझ्या इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्तीच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आजपासून खाऱ्या पाण्याची टाकी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच, साधारण ७० लिटरची. आतेभाऊ परदेशी चाललाय, म्हणून दिवाळीला पुण्याहून येताना गाडीत घालून घेऊन आला. मासे त्याने तिथल्याच एका मित्राला दिले. माझ्याकडे आले ते चार दगड, थोडी वाळू, एक पंप, निळा-पांढरा एलईडी दिवा आणि समुद्राचं पाणी बनवायच्या मिठाची अर्धी बादली. दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत ठेवले होते. चार वर्षांपूर्वी त्याने ते दुकानातून 'लाईव्ह रॉक' म्हणून घेतले होते. म्हणजे प्रवाळाच्या जुन्या सांगाड्याचे सच्छिद्र तुकडे. त्यांच्या भोकाभोकांत जिवाणू राहतात आणि ते अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करतात. जाताना तो एवढंच म्हणाला, "यावर काही ना काही जिवंत असू शकतं. खरवडू नको आणि कधीच उकळू नको."

सगळा दिवस पाण्यात गेला. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मीटरवर ३१०० मिलिग्रॅम येतो. हा खारपाणपट्टा आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतली शेकडो गावं या खाऱ्या भूजलावर बसलेली आहेत. दुकानात आलेल्या तिघांनी एकच विचारलं, "आपल्या बोअरचंच टाक ना बे, खारंच तं हाय!" पण समुद्राच्या एका लिटरमध्ये ३५ ग्रॅम क्षार असतात, आमच्या बोअरच्या दहापटीहून जास्त. त्यातही कोणता क्षार किती हे ठरलेलं असतं. मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम ४०० च्या आसपास. आमच्या जमिनीतलं मीठ वेगळं आणि समुद्राचं वेगळं. भाच्याने लोणारच्या सरोवराचं नाव काढलं. त्या पाण्याचा पीएच १० च्या आसपास, समुद्राचा ८.१. तेही बाद.

शेवटी आरओचं पाणी डीआयच्या, म्हणजे उरलेसुरले क्षार काढून टाकणाऱ्या, नळीतून पुन्हा गाळलं. मीटरवर २ आलं तेव्हा मीठ घातलं. क्षारता मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ यायला रात्रीचे नऊ वाजले.

१२ नोव्हेंबर

अमोनिया १ पीपीएम, म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. प्रवासात दगडावरचं काहीतरी मेलंय, वासही येतोय. माय म्हणाली, "वास येऊन रायला रे त्या गोट्याचा. उकळून घे एकडाव." तिला बसवून नीट सांगितलं. पॅलिथोआ नावाचे बटणासारखे जीव अशा दगडांवर असू शकतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन असतं, हे फार जहाल विष आहे. दगड उकळून त्याची वाफ घरभर गेल्याने आख्खी कुटुंबं दवाखान्यात गेल्याचे प्रकार परदेशात झाले आहेत. तिने लगेच तिचं पातेलं उचलून आत नेलं.

अर्धं पाणी बदललं. चारही दगडांना क्रमांक दिले. भाच्याने आलेखाच्या कागदावर प्रत्येक दगडाची चार बाजूंनी आकृती काढली. तो नववीत आहे, हात चांगला आहे त्याचा.

१७ नोव्हेंबर

अमोनिया शून्यावर आला.

रात्री दुकान बंद करताना टॉर्च तिरपा मारला. बोर्डावर सोल्डरला गेलेला तडा समोरून दिसत नाही. उजेड आडवा पाडला की सावलीने उठून दिसतो. ही सवय हातात बसलेली आहे, म्हणून टाकीवरही तसाच मारला. दगड क्रमांक ३ च्या पोटाला, जिथे तो दुसऱ्या दगडाला टेकतो त्या सावलीत, नऊ उंचवटे दिसले. ज्वारीच्या दाण्याएवढे, गोल, प्रत्येकाच्या मधोमध खळगा. गेले आठ दिवस मी रोज त्याच जागेकडे समोरून उजेड मारून बघत होतो.

प्रवाळ असेल का, हा विचार आला आणि झोप गेली. पण अशा दगडावर गोल पांढरं दिसणारं बरंच काही असतं. बार्नॅकल असतात. कालव चिकटून मेलं की त्याची गोल खूण राहते. स्पायरॉर्बिस नावाच्या किड्याची २-३ मिलिमीटरची गुंडाळलेली पांढरी नळी असते. वर्मेटिड गोगलगायीची नळी असते, ती पाण्यात चिकट जाळं सोडते. आणि प्रवाळाचा मेलेला सांगाडा तर असतोच, कारण सगळा दगडच मुळात त्याचा आहे. म्हणून प्रश्न दोन लिहून ठेवले. हे प्रवाळ आहे का? असेल तर जिवंत आहे का?

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बसलो.

माझ्याकडे बोर्ड दुरुस्तीचा स्टिरिओ मायक्रोस्कोप आहे, ७ पासून ४५ पटीपर्यंत. खाली अर्ध्या पटीची बार्लो भिंग लावली की वस्तू आणि भिंग यांच्यात वीत-पाऊण वीत जागा सुटते, मग परातीएवढं भांडंही खाली मावतं. टाकीचंच पाणी पांढऱ्या प्लास्टिकच्या टबात घेतलं आणि दगड पाण्यातल्या पाण्यात, हवा न लागू देता, त्यात उलटा ठेवला. पाणी हललं की चित्र फुटतं. म्हणून पाण्याच्या पृष्ठभागावर काचेची एक छोटी वाटी तरंगत ठेवली आणि तिच्या तळातून पाहिलं. मोजमापासाठी शेजारी जुनं नॅनो सिम ठेवलं, त्याची चिप आधी काढून. नॅनो सिम सगळीकडे १२.३ बाय ८.८ मिलिमीटर असतं, त्यामुळे फोटोत तेच माप म्हणून चालतं. उंचवटे ४ ते ४.५ मिलिमीटर निघाले.

आणि मग खळग्याच्या आत बघितलं. काठापासून मध्याकडे पातळ उभे पडदे गेलेले होते. आडवं कापलेलं संत्रं हातात धरावं आणि फोडींमधले पापुद्रे मध्याकडे मिळताना दिसावेत, अगदी तसे. सहा मोठे, त्यांच्यामध्ये सहा जरा आखूड, आणि त्या बारांच्या मधल्या जागेत अजून बारीक. भाच्याने मोजले तेव्हा २४ भरले. बार्नॅकलमध्ये असे पडदे नसतात. त्याला बाहेरून तुकड्यातुकड्यांची भिंत असते आणि वर झाकण. किड्याच्या नळीत आतून सगळं गुळगुळीत. सहाच्या पाढ्यातले पडदे ही कठीण प्रवाळाची खूण. पहिला प्रश्न इथे सुटला असं मी धरतो.

दुसऱ्यावर बराच वेळ गेला. या उंचवट्यांना आता पेले म्हणतो. नऊपैकी क्रमांक २ आणि ९ या पेल्यांच्या पडद्यांवर हिरवं शेवाळ लोकरीसारखं उगवलेलं होतं. हे दोन मेलेले, यात शंका नाही. उरलेल्या सातांत शेवाळाचा कणही नाही. शेजारचा दगड शेवाळाने माखलेला आणि हे सात पेले धुतल्यासारखे स्वच्छ, हे आपोआप होत नाही. मोठेपण शेवटच्या टोकापर्यंत नेलं तेव्हा कळलं. मेलेल्या पेल्यांच्या पडद्यांची धार लख्ख दिसते. या सातांची धार मात्र किंचित धूसर आहे. बोर्डावर यूव्ही ग्लूचा पातळ थर दिला की खालची तांब्याची रेघ जशी जरा मऊ दिसायला लागते, तसं. पडद्यांवर काहीतरी पारदर्शक पसरलेलं आहे. सिरिंजने पेला ५ वर पाण्याची हलकी फुंकर सोडली आणि तो पातळ थर हळूच आत ओढला गेला.

मी भाच्याकडे पाहिलं, भाचा माझ्याकडे. सुईने टोचून बघावंसं त्याला फार वाटत होतं. त्याला थांबवलं. एवढ्या पातळ कातडीला भोक पडलं तर ते भरून निघेल की नाही, मला माहीत नाही.

ग्लू वाळवायच्या यूव्ही टॉर्चनेही पाहिलं. दगडावरचे गुलाबी डाग शेंदरी-लाल चमकले. ती कोरलाइन शेवाळं, त्यांच्यातल्या रंगद्रव्यांची ती चमक. पेल्यांत हिरवी चमक आली नाही. मला ती येईल अशी फार आशा होती. पण हिरवी चमक देणारी प्रथिनं सगळ्याच प्रवाळांत नसतात. ती न दिसल्याने काही सिद्ध होत नाही.

दगड एकूण २२ मिनिटं टबात होता. परत जागच्या जागी ठेवला.

२१ नोव्हेंबर

सगळं ठीक. दिवसा पेल्यांबाहेर काही येत नाही.

२४ नोव्हेंबर

दगड क्रमांक १ वर भाच्याला 'दुसरं प्रवाळ' सापडलं. तपकिरी देठ, वर लांब टोकदार शुंडकांचा, म्हणजे सोंडेसारख्या बारीक हातांचा, झुबका. सुंदर दिसतं. पण बोटाची सावली पडली की क्षणात भोकात गायब होतं. खाली पेला नाही, पडदे नाहीत, कठीण असं काहीच नाही. हे ऐप्टेशिया. समुद्रफुलांच्या जातीचा हा जीव एकाचे पन्नास होऊन सगळी टाकी भरून टाकतो आणि शेजाऱ्यांना डंख मारतो. कापून उपयोग नाही, पायाचा तुकडा राहिला की त्यातून नवीन उगवतो.

त्याला चुना लावला. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, रीफ टाकीवाले ज्याला काल्कवॉसर म्हणतात तोच. रंग-वास नसलेला साधा चुना डीआयच्या पाण्यात दाट कालवला. पंप बंद करून इन्सुलिनच्या सिरिंजने एकेकाच्या तोंडावर थेंब बसवला. चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर जातो, म्हणून एका दिवसात तीनच. दगड क्रमांक ३ दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवला होता.

भाचा हिरमुसला. त्याला म्हटलं, हे प्रवाळ नाही हे तुला आज स्वतःच्या डोळ्यांनी ओळखता आलं ना, मग आजचा दिवस कारणी लागला.

१ डिसेंबर, रात्र

आज जागायचं ठरवूनच बसलो होतो. दिवा दहाला बंद केला. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावला, कारण पांढऱ्या उजेडाने हे जीव मिटतात असं वाचलं होतं.

बारा वाजेपर्यंत काही नाही. एक चाळीसला पेला ५ च्या काठावर केसासारखं काहीतरी दिसलं. आधी वाटलं शेवाळ हलतंय. मग ते वाढलं. पेल्याच्या कडेने एकेक काचेसारखं शुंडक बाहेर येत गेलं. प्रत्येकाच्या अंगावर बारीक पांढरे ठिपके, टोकाला एक जाड ठिपका. त्या ठिपक्यांत डंखपेशींचे पुंजके असतात. मधोमध एक चीर, म्हणजे तोंड. दोन वाजेपर्यंत सातच्या सात पेले उघडले होते.

मोजणं महत्त्वाचं होतं. आठ शुंडकं आणि त्यांना पिसासारखे फाटे असतील तर मऊ प्रवाळ. दोन कडी करून शुंडकं असतील आणि खाली सांगाडा नसेल तर झोअँथिड, म्हणजे त्या पॅलिथोआच्या जातीचा जीव. मी तीनदा मोजलं. २३, २४, २४. पडद्यांइतकीच. फाटे नाहीत.

भाच्याला उठवलं. मायही उठून आली. बाजारातले गोड्या पाण्याचे बारीक झिंगे धुऊन गोठवून ठेवले होते. त्यातला एक खलून त्याचं पाणी सिरिंजने दोन थेंब सोडलं. एक-दोन मिनिटांत शुंडकं ताणली गेली आणि तोंडाच्या बाजूला वाकायला लागली. मग तिळाच्या चौथाईएवढा मांसाचा कण पेला ५ वर ठेवला. तीन शुंडकांनी तो धरला, आत वाकवला, चीर रुंद झाली आणि ११ मिनिटांनी कण दिसेनासा झाला. माय खुर्ची ओढून जवळ बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तं जितं हाय रे बाप्पा. इतके दिवस उपाशीच होतं का?"

दुसरा प्रश्नही सुटला. वहीत वेळ लिहिली, २ वाजून ३१ मिनिटं.

८ डिसेंबर

कॉलेजात मला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सरांना फोटो पाठवले होते. ते आता निवृत्त आहेत. आज त्यांचा फोन आला, पाऊण तास बोलले. पहिलं वाक्य, "अरे, साडेचारशे किलोमीटरवर समुद्र आणि तुझ्याकडे हे कुठून आलं?"

त्यांनी घाई करू नको असं बजावलं. कठीण प्रवाळ, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया गण, हे पडदे आणि शुंडकांवरून ते मान्य करतात. पेले लहान, सुटे सुटे, तळाशी पातळ पट्टीने जोडलेले, सावलीत वाढलेले. यावरून रायझँजिइडी कुळाकडे लक्ष जातं, पण जात ठरवायला सांगाडा स्वच्छ करून तपासावा लागतो आणि त्यासाठी जीव मारावा लागतो. ते करायचं नाही, हे आम्हा दोघांच्या तोंडून एकदमच निघालं. मेलेल्या क्रमांक २ आणि ९ चे मात्र जवळून फोटो काढून पाठवायचे आहेत.

सरांनी मालवणला ओहोटीच्या वेळी खडकांत प्रवाळ पाहिले आहेत. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ आहेत हेच आपल्याकडे कोणाला ठाऊक नसतं, असं ते कळवळून बोलत होते. मग त्यांनी पेसोनेलची हकीकत सांगितली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातले विद्वान प्रवाळाला वनस्पती समजत होते. पाण्यात ठेवलेल्या लाल प्रवाळाच्या फांद्यांवर पांढरी 'फुलं' उमलतात हे त्यांनी पाहिलं होतं. पेसोनेल या फ्रेंच वैद्याने १७२० च्या दशकात ती फुलं समुद्राच्या पाण्यात ठेवून, त्यांची हालचाल बघून सांगितलं की हे प्राणी आहेत. त्याचं म्हणणं मान्य व्हायला बरीच वर्षं लागली. भाच्याने १ तारखेच्या रात्री डोळे चोळत मला पहिलं विचारलं होतं ते हेच, "मामा, हे फूल हाय का?"

शेवटी सर गंभीर झाले. सगळे स्क्लेरॅक्टिनियन प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये घातले गेले. आमच्या उत्तरेला मेळघाट आहे. तिथल्या वाघाला ज्या अनुसूचीचं संरक्षण, त्याच अनुसूचीचं या ज्वारीच्या दाण्याएवढ्या जिवाला. याची खरेदी-विक्री नाही, तुकडे करून वाटणं नाही, आणि ही गोष्ट वनविभागाला लेखी कळव, असं ते म्हणाले. मी हो म्हटलं. आतेभावाने घेतलं तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं की दगडावर हे आहे.

१५ डिसेंबर

मायच्या पोतीत दोन पोवळी आहेत, तिच्या आजीपासून आलेली. ती म्हणाली, "माह्यं पोवळंही पाय बरं त्या दुर्बिणीत." पाहिलं. लांबीच्या दिशेने अतिशय बारीक समांतर रेषा आहेत, लाकडाच्या धाग्यासारख्या. रंग देऊन केलेल्या काचेच्या मण्यात अशा रेषा नसतात. दागिन्यातलं पोवळं वेगळ्या घराण्याचं, शुंडकं आठ आणि पिसासारखी. तो मणीही असाच कुठल्या तरी समुद्राच्या तळाशी शुंडकं पसरून जेवत होता, हे तिला सांगितलं. तिने पोत परत गळ्यात घातली आणि थोडा वेळ मणी बोटात धरून बसली.

३१ डिसेंबर

माझ्या हातून चूक झाली, ती जशीच्या तशी लिहितो.

२२ तारखेला मी दगड क्रमांक ३ वर उचलून दिव्याखाली ठेवला, पेल्यांची बाजू उजेडाकडे. प्रवाळाला प्रकाश लागतो हे सगळीकडे लिहिलेलं असतं आणि ते पुष्कळ प्रवाळांबाबत खरंही आहे. त्यांच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती उजेडात अन्न तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. प्रवाळाचा तपकिरी-हिरवा रंग बराचसा त्यांचाच. पाणी नेहमीपेक्षा तापलं की प्रवाळ ही शैवालं गमावतो आणि पांढरा पडतो.

माझे पेले मुळातच रंगहीन आहेत. शुंडकं काचेसारखी आहेत हे मी १ तारखेला स्वतःच्या हाताने वहीत लिहिलं होतं. तरी त्याचा अर्थ काढला नाही. ज्याच्या अंगात शैवाल नाही त्याला दिवा कशाला? चार वर्षं तो सावलीत टिकला तो पाण्यातून येणारं खाऊन.

नऊ दिवसांत उजेडाने दगडावर केसाळ शेवाळ वाढलं आणि ते पेल्यांच्या काठावर चढलं. पेला ४ चा पातळ थर एका बाजूने मागे हटला, पडद्यांची धार उघडी पडली. आज दगड सावलीत परत नेला. मऊ ब्रशने आजूबाजूचं शेवाळ काढलं, पेल्याला धक्का लागू दिला नाही. मग सर्वांत जास्त मोठेपणावर शुंडकं नीट पाहिली. तपकिरी ठिपका एकही नाही. हे आधी पाहायला हवं होतं.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. पेला ४ गेला. त्याच्या पडद्यांवर हिरवं आलंय. जिवंत सहा राहिले.

बाकीचे सावरले आहेत, रात्री पूर्ण उघडतात. आठवड्यातून दोनदा, अकराच्या पुढे, प्रत्येक पेल्याला वेगळा कण देतो. एकदम जास्त दिलं की नायट्रेट वाढतं. पाण्याचे आकडे: क्षारता ३५, अल्कलिनिटी (पीएच टिकवून धरायची पाण्याची ताकद) ८.२ डीकेएच, कॅल्शियम ४१०, नायट्रेट १०.

२२ जानेवारी

पहाटे एकला वीज गेली, आठला आली. थंडी कडक होती. हीटर बंद, पाणी २५ वरून २०.५ अंशांवर आलं. टाकीला मायची वाकळ गुंडाळली आणि दुकानाच्या इन्व्हर्टरवर फक्त पंप चालू ठेवला. हीटर लावला असता तर बॅटरी तासाभरात बसली असती. पाणी फिरत राहिलं म्हणजे प्राणवायू मिळतो, तो आधी. तापमान दिवसभरात हळूहळू वर आणलं. रात्री सहाही उघडले.

३ फेब्रुवारी

वनविभागाच्या कार्यालयात अर्ज देऊन आलो. दगड कुठून आला, केव्हा आला, काय सापडलं, कसं ओळखलं, हे दोन पानांत लिहिलं. सोबत सहा फोटो आणि भाच्याच्या आकृत्या. विक्री करणार नाही, कोणाला देणार नाही, सांगाल तिथे नेऊन देईन असंही लिहिलं. अर्ज घेणाऱ्यांनी आधी शांतपणे सगळे फोटो पाहिले. मेळघाटात बरीच वर्षं काढलेला माणूस. म्हणाले, "बिबट्याचे, अस्वलाचे अर्ज येतात. हा पहिलाच." पोच दिली. वरच्या कार्यालयाला विचारून कळवतो म्हणाले. त्यांनी रात्रीचा व्हिडिओ दोनदा पाहिला.

२० फेब्रुवारी

गजानन महाराजांचा प्रकटदिन. गावातली निम्मी माणसं शेगावला गेली आहेत, दुकानात गिऱ्हाईक नाही. महिन्याची मापं आज घेतली.

उन्हाळ्याची तयारी आतापासून करतोय. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ ला जातो आणि हा जीव २६-२७ च्या वर नेऊन चालणार नाही. टाकीच्या तोंडावर दोन छोटे पंखे लावून पाहिले. आमची हवा कोरडी असल्यामुळे पाणी भराभर उडतं आणि त्यानेच थंड होतं. आज नुसत्या पंख्यांनी तीन अंश उतरले. पण उडतं ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची तूट डीआयच्या गोड्या पाण्याने भरायची. मे मध्ये ती रोज दोन लिटरच्या खाली नसेल असा अंदाज आहे. तेवढ्याने भागणार नाही. पाणी थंड करणारा छोटा चिलर बघतोय.

मापं घेताना पेला ७ च्या शेजारी, तीनेक मिलिमीटरवर, एक पांढरा ठिपका दिसला. मागच्या महिन्याच्या फोटोत तो नाही. फोटो मोठा करून दोनदा ताडून पाहिला. पेला ७ पासून एक पातळ पारदर्शक पट्टी दगडावरून सरपटत तिथपर्यंत गेली आहे. ठिपक्याची रुंदी १.१ मिलिमीटर. भाचा शाळेतून आला तेव्हा त्याला काही न सांगता भिंगाखाली बसवलं. त्याने फोकस फिरवला, श्वास रोखून मोजलं आणि वहीत आकडा स्वतःच लिहिला: पडदे सहा.

नव्या पेल्याला अजून खाऊ दिलेला नाही. तोंड दिसलं की देऊ. आज रात्री दिवा दहाला बंद.